ती ‘युगोस्लाव्हिया एकत्र असता तर’वाली टीम प्लीज फॉरवर्ड करू नका

दर फुटबॉल वर्ल्डकपला क्रोएशिया जरा पुढे गेली की ग्रुपवर तो फोटो येतोच, युगोस्लाव्हिया हा देश फुटून जे देश झाले त्यांच्या खेळाडूंची एक काल्पनिक टीम. गोलमध्ये स्लोव्हेनियाचा ओब्लाक, मधे क्रोएशियाचा मॉड्रिच, पुढे बोस्नियाचा जेको आणि वर लिहिलेलं, एकत्र असते तर कप यांचाच!! मला खरंच त्रास होतो त्याचा. कारण जी टीम खरोखर होती तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

आपल्याला तर ती माहीत असायलाच हवी. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी आपल्याला १०-१ ने हरवलं होतं, आपले बरेच जण अनवाणी खेळत होते आणि त्यांच्या एकट्या झेबेकनेच चार गोल मारले. १९५६ ला मेलबर्नमध्ये सेमीफायनलला पुन्हा तेच समोर, आणि मूळ गोव्याच्या, मुंबईत खेळणाऱ्या आपल्या नेव्हिल डिसोझाने पहिला गोल मारला, भारत १-० पुढे! शेवटी ४-१ हरलो, पण ज्यांच्याकडून हरलो त्यांनी ४८, ५२, ५६ अशी सलग तीन सिल्व्हर आणि १९६० ला गोल्ड घेतलंय हो. युरो म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची फायनलही दोनदा खेळले, १९६० आणि १९६८, दोन्ही हरले.

आणि ‘एकत्र’ म्हणजे तरी काय? १९३० चा पहिलाच वर्ल्डकप, यांनी ब्राझीलला २-१ हरवून सेमीफायनल गाठली, पण त्या टीममध्ये क्रोएशियाचे खेळाडू नव्हतेच, कारण फुटबॉल असोसिएशन क्रोएशियातल्या झाग्रेबमधून सर्बियातल्या बेलग्रेडला हलवली म्हणून त्यांनी बहिष्कार टाकलेला. म्हणजे भांडण पहिल्या दिवसापासून घरातच होतं.

मी १९९० च्या वर्ल्डकपची टीम पाहिलीये. दूरदर्शनवर, शेजाऱ्यांच्या घरी, मी शाळेत होतो. सगळे मॅराडोनाच्या बाजूने, मी एकटा स्टॉयकोव्हिचच्या, कारण स्पेनविरुद्धचे त्याचे दोन गोल डोक्यातून जातच नव्हते. सर्बियाचा स्टॉयकोव्हिच, माँटेनेग्रोचा साविचेविच, स्लोव्हेनियाचा कातानेत्स, मॅसेडोनियाचा पांचेव्ह, कॅप्टन वुयोविच आणि हाजिबेगिच दोघं बोस्नियातल्या सारायेव्होचे, आणि कोच इव्हित्सा ओसिम तेही सारायेव्होचेच. आणि ही टीम कुठून आली होती बघा, १३ मे ला झाग्रेबच्या माक्सिमिर स्टेडियममध्ये तिथला क्लब डिनामो आणि बेलग्रेडचा क्लब रेड स्टार यांच्या मॅचला दंगल पेटलेली, डिनामोच्या बोबानने पोलिसाला लाथ घातली आणि त्याचा वर्ल्डकप गेला. तीन आठवड्यांनी त्याच मैदानावर नेदरलँड्सशी मॅच होती तर स्वतःच्याच देशाचं राष्ट्रगीत सुरू झाल्यावर लोकांनी हुर्यो उडवली. अशा अवस्थेत इटलीला जाऊन क्वार्टरफायनल!! अर्जेंटिनासमोर ३१ व्या मिनिटाला एक जण रेड कार्डवर बाहेर, तरी दहा जणांनी एक्स्ट्रा टाइम धरून जवळजवळ दीड तास ०-० रेटलं. पेनल्टीत स्टॉयकोव्हिचची बारला लागली, मॅराडोनाची गोलकीपर इव्कोविचने अडवली (आमच्या त्या खोलीत एकदम शांतता) आणि शेवटची हाजिबेगिचची अर्जेंटिनाचा गोलकीपर गोयकोचेआने अडवली. मी त्या रात्री जेवलो नाही.

पुढे युरो ९२ साठीच्या पात्रता ग्रुपमध्येही ते पहिले आले, पांचेव्हचे १० गोल. पण तोवर देश फुटून युद्ध पेटलेलं, क्रोएशिया, स्लोव्हेनियाचे खेळाडू निघून गेलेले आणि सारायेव्होला वेढा पडलेला, ओसिम यांची बायको तिथेच अडकलेली. मे महिन्यात त्यांनी रडत रडत राजीनामा दिला, माझ्या शहरासाठी मी एवढंच करू शकतो म्हणाले. उरलेली टीम तरी युरोसाठी स्वीडनला पोचली, तर त्या युद्धामुळे यूएनचे निर्बंध आले आणि तिथूनच परत पाठवलं. त्यांच्या जागी ग्रुपमध्ये एका पॉइंटने मागे राहिलेला डेन्मार्क गेला आणि कप जिंकला.

डेन्मार्कची ती परीकथा सगळ्यांना पाठ आहे. पुढच्या वेळी फोटो टाकायचाच असेल तर ओसिम यांचा टाका.