वैष्णोदेवीच्या नाण्याचे दहा लाख

माता वैष्णोदेवीचे चित्र असलेले २००२ सालचे पाच किंवा दहा रुपयांचे नाणे घरी असेल तर ते विकून दहा लाख रुपये मिळतात, असा मजकूर गेली काही वर्षे सर्वत्र फिरत आहे.

यातले सालच आधी चुकले आहे. श्री माता वैष्णोदेवी श्राइन बोर्ड १९८६ मध्ये स्थापन झाले आणि हे नाणे त्याच्या रौप्यमहोत्सवाचे, म्हणून त्यावर २०१२ हा आकडा आहे. २००२ मध्ये या संस्थेला पंचवीस वर्षे झालीच नव्हती. मजकूर लिहिणाऱ्याने नाणे हातात धरून पाहिले असते तर एवढे तरी टळले असते.

नाणे दुर्मीळ आहे, हेही खरे नाही. रिझर्व्ह बँकेने ते रोजच्या चलनात आणले होते, त्यामुळे भाजीवाल्याकडून परत आलेल्या सुट्ट्या पैशांत ते आजही सापडते. वापरून झिजलेल्या अशा नाण्याला संग्राहक दर्शनी किमतीहून फारसे जास्त देत नाहीत.

पुरावा म्हणून सहसा एखाद्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरील जाहिरातीचे छायाचित्र जोडलेले असते. पण जाहिरातीत दिसते ती विकणाऱ्याने मागितलेली किंमत. ती कोणी मोजली की नाही, हे त्यात कुठेच नसते. दहा लाख मागायला काहीच खर्च येत नाही.

खर्च येतो तो पुढे. 'ग्राहक' फोन करतो, रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले पत्र पाठवतो आणि व्यवहारापूर्वी नोंदणी शुल्क, कमिशन किंवा कर भरायला सांगतो. अशा व्यवहारांशी आपला संबंध नसून त्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे.

सुट्ट्या पैशांत वेगळे काही सापडतच नाही, असे मात्र नव्हे. सालाच्या खाली भिंगातून पाहावे: पत्त्यातल्या चौकटसारखे चिन्ह असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. १९८५ च्या काही रुपयांवर बारीक 'एच' आढळतो, कारण ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडून आणले होते. खरे कुतूहलाचे असते ते टांकसाळीत चुकलेले नाणे. आधीचे नाणे साच्याला चिकटून राहिले की पुढच्या नाण्याच्या एका बाजूस तीच मुद्रा उलटी आणि खोल उमटते. अशा नाण्याला संग्राहक खरोखरच जास्त पैसे देतात, मात्र ते हातात घेऊन तपासल्याशिवाय कोणी भाव सांगत नाही. तोवर ते चिंच किंवा पितांबरी लावून चकचकीत करू नये, कारण घासलेल्या नाण्याची किंमत तिथेच उतरते.