एकदाच काय ते सगळं सांगा ना!

आमच्या घराच्या बांधकाम परवानगीच्या फाईलमध्ये काल पुन्हा त्रुटी निघाली. या वेळी म्हणे नकाशात मागच्या बाजूची ड्रेनेज लाइन दाखवलेली नाही. अहो, हाच नकाशा तुमच्याकडे गेल्या पावसाळ्यापासून पडलाय! ती लाइन काय परवा रात्री उगवली का?

पुण्यात बांधकामाची परवानगी देणारी कार्यालयं काही एकच नाहीत. महापालिका आहे, पलीकडे पिंपरी-चिंचवड आहे, पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, कॅन्टोन्मेंट आहेत. आमची फाईल यातल्या कुठे अडकलीय ते लिहीत नाही, कारण ती अजून तिथेच आहे आणि मला घर बांधायचंय.

आणि मागतोय तरी काय? वडिलांनी बांधलेला जुना लोड बेअरिंगचा, म्हणजे सगळा भार भिंतींवर असलेला बंगला. भिंतींना ओल, स्लॅबचे पोपडे पडतायत. तो पाडून तिथेच तळमजला आणि वर दोन मजले. टॉवर नाही, मॉल नाही. प्लॉट साडेतीन गुंठ्यांचा, आणि इथेच आमचं नशीब फुटकं. २०२१ मध्ये सरकारने मोठ्या थाटात जाहीर केलं की १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीच्या फेऱ्यात पडायला नको, आणि ३०० पर्यंत असेल तर परवानगी दहा दिवसांत. आमचा भरतो ३५०च्या आसपास. त्या वरच्या पन्नास मीटरांत असं काय भयंकर दडलंय?

त्रुटी काढायला माझी ना नाही. नियम हवेतच. या शहराने पानशेतचा पूर पाहिलाय. नदीकाठी कुणी काहीही बांधावं असं कोण शहाणा म्हणेल? पण त्रुटी काढायची तर एका दमात काढा की! आधी निघालं, मोजणीतलं क्षेत्र आणि प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्र जुळत नाही. ठीक, निस्तरलं. ते निस्तरल्यावर साहेबांना अंगणातला नारळ दिसला. उद्यान विभागाचं ना हरकत आणा. आणलं. मग पार्किंगमध्ये गाडी वळायला जागा कमी. नकाशा बदलला, जिना सरकवला. तेवढ्यात त्या साहेबांची बदली. नवे साहेब आले, त्यांनी फाईल पहिल्या पानापासून उघडली आणि विचारलं, "जिना इकडे का घेतलाय?" आता काय सांगायचं, तुमच्याच खुर्चीने घ्यायला लावला म्हणून?

आमच्या आर्किटेक्ट मॅडम तरुण आहेत, पण या बाबतीत पार मुरलेल्या. त्या नुसतं म्हणतात, "काका, चिडू नका, उत्तर अपलोड करते." न चिडून कसं चालेल? त्या अपलोडमध्येच तर सगळी गोम आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ चा. त्याचं कलम ४५ मी वाचून काढलं, रिटायर माणसाला तेवढा वेळ असतो. त्यात लिहिलंय की अर्ज आल्यापासून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असंच समजायचं. मानीव परवानगी. वाचून मी खुर्चीतून उठलोच. मग पुढची ओळ वाचली. ६० दिवस अर्जापासून, किंवा त्यांनी काही विचारलं असेल तर आपल्या उत्तरापासून, यातलं जे नंतरचं असेल ते. म्हणजे पन्नासाव्या दिवशी एक त्रुटी काढायची. आपण धावतपळत उत्तर द्यायचं की घड्याळ पुन्हा शून्यावर. कायदा कुणी मोडलेला नाही, विलंब झालेला नाही, आणि घर मात्र कागदावरच! तरी बँकेत जाऊन ही मानीव परवानगी सांगून पाहिली. कर्जवाल्या बाईंनी शांतपणे सही-शिक्क्याचा मंजूर नकाशा मागितला.

आम्हाला मात्र मुदत चोख. एकदा सीसी, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, हातात पडली की ती एका वर्षासाठी. तेवढ्यात काम सुरू झालं नाही तर मुदतवाढ मागायला पुन्हा त्याच खिडकीवर.

आणि ते 'सगळं ऑनलाइन' तर बोलूच नका. नकाशा ठरलेल्या लेअरमध्ये चढवा, डिजिटल सही करा, सॉफ्टवेअर छाननी करणार, माणसाचा संबंध नाही. छान. मग नकाशाचे छापील संच कशाला लागतात? "सिस्टीमवर नीट दिसत नाही हो." आणि ते संच घेऊन गेलं की साहेब साइटवर. नाहीतर मीटिंगमध्ये. नाहीतर इलेक्शन ड्यूटी. बाहेर चहाच्या टपरीवर एक गृहस्थ हमखास भेटतात, ते फाईलचा नंबर न विचारता सांगतात, "काका, फाईल चालत नसते, चालवावी लागते."

नाही चालवणार. बघू कोण दमतंय.

डोकं फिरतं ते संध्याकाळी सिंहगड रोडने पुढे गेलो की. अर्ध्या गुंठ्यावर चार-चार मजले, गॅलरीतून हात घातला तर शेजारच्याच्या फोडणीत पडेल. त्यांनी कुठली परवानगी घेतली असेल, हे काय वेगळं सांगायला पाहिजे? आणि उद्या गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरची बांधकामं नियमित करायच्या कायद्यात, पैसे भरून त्यातली कैक नियमित होतील, तशी सोय सरकारच करतं. रांगेत उभा राहणारा गाढव, असंच ना? आम्ही इकडे घरभाडं भरतोय, आई दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमधून गुडघ्यांमुळे खाली उतरू शकत नाही, आणि साहेब ड्रेनेज लाइन शोधतायत.

नवी वेबसाइट नको, नवं ॲप नको, एक खिडकी तर मुळीच नको. पहिल्या छाननीत सगळ्या त्रुटी एका यादीत द्या, खाली नाव आणि सही. बदली झाली तर येणाऱ्या साहेबाला तीच यादी बांधील. त्यानंतर काही नवं आठवलंच, तर ते तेव्हा का दिसलं नाही याचं कारण साहेबांनी लिहून द्यावं, आणि घड्याळ चालूच राहावं. बघा मग किती ड्रेनेज लाइनी आठवतात!