आईला तिकडे का नेत नाही?

मुलं परदेशात आणि म्हातारी माणसं इमारतीत एकटी, हा विषय मुंबईत कुणाच्याही घरी गेलं तरी निघतो. कुठल्यातरी सोसायटीत शेजाऱ्यांनी दार फोडल्याची बातमी आली की आठवडाभर चर्चा चालते. निकाल मात्र आधीच लागलेला असतो: पोरांनी टाकलं. काही घरांत तसं असेलही. पण कितीतरी घरांत न्यायची इच्छा आहे, ऐपत आहे, फक्त कायद्यात जागा नाही. हे कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी पार्ल्याची. नोकरी इंग्लंडमध्ये, रेडिंगला. आमच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट ठरलं आणि आईला भाड्याच्या घरात हलवायची वेळ आली, तेव्हा सोसायटीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये सेक्रेटरी काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, बिल्डरचं भाडं घेऊन घर शोधत बसण्यापेक्षा आईला घेऊनच जा ना तिकडे!" विचारणं मायेचंच होतं. पण वीस जणांसमोर त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही.

ब्रिटनमध्ये वयस्कर आईवडिलांना कायमचं आणायचं तर आधी आपण स्वतः तिथले नागरिक किंवा कायम रहिवासी असावं लागतं. वर्क व्हिसावरच्या माणसाला तो अर्जच करता येत नाही. कायम रहिवासासाठी आजवर पाच वर्षं लागत, आणि त्या हिशेबानेच आम्ही सगळं आखलं होतं. मे 2025मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढून ही मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षं करायचं ठरवलं. नोव्हेंबरमध्ये सविस्तर प्रस्ताव आला, तेव्हा कळलं की आधीच ब्रिटनमध्ये असलेल्या पण कायम रहिवास न मिळालेल्या लोकांनाही तो लागू करायचा विचार आहे. तीन वर्षं सलग 50,270 पौंडांच्या वर कमाई असेल तर पाच वर्षांची सूट, असंही त्यात आहे. माझा पगार तेवढा नाही. पाच वर्षांनी मी अजूनही नोकरी करत असेन. पण सत्तरीतल्या बाईच्या आयुष्यात ही पाच वर्षं फार मोठी असतात, आणि या हिशेबात तिचं वय कुणी धरलेलंच नाही.

समजा, मिळाला कायम रहिवास. मग पुढे 2012चा नियम उभा. आईला आंघोळ, कपडे घालणं, स्वयंपाक अशा रोजच्या कामांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते, आणि ती मदत तिच्या देशात पैसे मोजूनही मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करायचं. मुंबईकराने हे सिद्ध करायचं कसं? पार्ल्यात ब्युरोला फोन केला की दुसऱ्या दिवशी बाई हजर होते, बारा तासांची हवी तर बारा तासांची, चोवीस तासांची हवी तर तशी. ती महिन्याभरात सोडून जाते, नवी येते, तिला औषधांचे डबे पुन्हा पहिल्यापासून समजवावे लागतात, आई रात्री नीट झोपत नाही, यातलं काहीच अर्जात मोजलं जात नाही. आपण जितके पैसे नीट पाठवू तितका अर्ज कमकुवत, आणि अर्जाची फी तीन हजार पौंडांहून जास्त, नाकारला तरी परत न मिळणारी. या नियमाला आव्हान दिलं गेलं होतं, पण 2017मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. व्हिजिटर व्हिसावर आई सहसा एका खेपेला सहा महिने राहू शकते. पण वारंवार येऊन तिथेच राहते आहे असं वाटलं तर तोही नाकारतात.

इकडे भारतात 2007चा आईवडिलांच्या आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा आहे, आणि तो देशाबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू होतो. जबाबदारी माझीच आहे, ती मला मान्यही आहे. ती आईजवळ राहून पार पाडायची वाट मात्र दुसऱ्या देशाच्या हातात आहे.

"मग परत ये" म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही. तो विचार आमच्या घरात रोज होतो. पण नवऱ्याची नोकरी आणि मुलीची ऐन परीक्षेची वर्षं सोडून निघायचं, तर निदान समोरचा नियम काय आहे हे तरी ठाऊक हवं. नियम कडक असला तर माणूस त्याप्रमाणे ठरवतो. तो हलता असला की इकडचंही ठरत नाही आणि तिकडचंही.

कुणाला किती वर्षांनी सामावून घ्यायचं, हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, हे मला मनापासून पटतं. महाराष्ट्रातही डोमिसाइलला पंधरा वर्षं लागतात, म्हाडाच्या घरासाठी आपण तो दाखला मागतोच, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पण चौदा वर्षं काढलेल्याला "आता तीस" असं उद्या कुणी सांगितलं, तर आपल्यालाही ते अन्यायाचंच वाटेल. ब्रिटनमध्येही हे आधी घडून गेलं आहे. 2006मध्ये कायम रहिवासाची मुदत चारची पाच वर्षं केली. एचएसएमपी, म्हणजे उच्चकुशल लोकांसाठीच्या व्हिसावर आधीच आलेले लोक कोर्टात गेले आणि 2009मध्ये हायकोर्टाने त्यांना जुनीच चार वर्षांची अट लागू ठेवली.

कॅनडाने आईवडिलांच्या कायम रहिवासाचे नवे अर्ज 2025मध्ये थांबवून धरले, 2020मध्ये नावं नोंदवलेल्यांनाच तेवढं बोलावलं. पण तिथे निदान सुपर व्हिसा आहे: एका खेपेला पाच वर्षांपर्यंत मुक्काम, आणि वैद्यकीय विमा आपल्या खर्चाने. सरकारी दवाखान्यावर भार नको ही ब्रिटिशांची मुख्य तक्रार, आणि ती अशा व्हिसाने सुटते. माझ्या ओळखीतलं प्रत्येक मराठी कुटुंब असा विमा आनंदाने भरेल.

प्रस्तावावर सरकारने लोकांची मतं मागवली तेव्हा आम्ही काही जणींनी मिळून हेच लिहून पाठवलं: आधीपासून रांगेत असलेल्यांना जुनी पाच वर्षं राहू द्या, आणि सुपर व्हिसासारखं काहीतरी सुरू करा. सेक्रेटरी काकांनाही तोच मजकूर मराठीत करून पाठवला आहे.