दहा माणसांचं विमान एकट्याच्या हातात देऊ नका

बॉम्बर विमानांच्या सिम्युलेटरवरून, म्हणजे खऱ्यासारखं विमान उडवायच्या संगणकावरच्या गेमवरून, आपल्यात परत तोच वाद पेटलाय. एका बाजूचं म्हणणं, चारही इंजिनं हातानं सुरू करायला लागली पाहिजेत, प्रत्येक स्विच खरा पाहिजे, नाहीतर तो पोरखेळ. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, दिवसभर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात राबून आलेल्या माणसाला रात्री जेमतेम दोन तास मिळतात, त्यातला अर्धा तास चेकलिस्टमध्ये का घालवायचा? मला दोन्ही बाजू पटत नाहीत. स्विच खरे असोत नाहीतर खोटे, मला त्याचं फारसं काही वाटत नाही. विमानातल्या कोणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, एवढं मात्र खरं पाहिजे. त्यावर तडजोड नको.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बी-17 बॉम्बरमध्ये दहा माणसं असायची. पायलटला शेपटीमागचं काही दिसायचं नाही. शेपटीतला गनर, म्हणजे बंदूक चालवणारा, गुडघे टेकून मागे तोंड करून बसलेला, म्हणजे विमान कुठे चाललंय ते त्याला दिसायचं नाही. पोटाखालच्या गोल टरेटमधल्याला, म्हणजे बंदुकीच्या फिरत्या कोशातल्याला, खालचं आकाश तेवढं दिसे, आणि नकाशा वाट काढणाऱ्या नेव्हिगेटरपुढे. इंटरकॉमवर बोलणं थांबलं की अख्खं विमान आंधळं. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ट्रॅक्टरवाल्याला वरच्या वायरी दिसत नाहीत, वर काठी घेऊन उभा असलेला पोरगा ओरडला तरच गाडी पुढे सरकते, तसंच हे.

आता बहुतेक गेम काय करतात? एक बटण दाबलं की कॅमेरा विमानाबाहेर, चहूबाजूचं सगळं लख्ख. शत्रूच्या विमानावर लाल अक्षरात नाव आणि अंतर. मग शेपटीत माणूस कशाला बसवायचा? 1992 मध्ये मायक्रोप्रोज कंपनीचा बी-17 गेम आला तेव्हा एकाच माणसाला दहाही जागांवर उड्या मारायला लागायच्या, ते समजू शकतो. घरात संगणक एक आणि खेळणारा एक. आज निपाणीचा, खानापूरचा आणि शहापूरचा पोरगा एकाच विमानात बसू शकतो. आता तरी ती सवय सोडा.

आम्ही तिघं क्लिफ्स ऑफ डोव्हर या गेममध्ये ब्लेनहाइम हे ब्रिटिश बॉम्बर उडवतो. पायलट, बॉम्ब टाकणारा आणि वरच्या टरेटमधला गनर, एवढीच माणसं, म्हणून ते विमान मला फार आवडतं. मी पायलट. हुक्केरीचा मित्र बॉम्ब टाकायला पुढे काचेत, त्याचं सगळं कन्नडमध्ये चालतं. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं बंदर जवळ आलं की मी फक्त वेग आणि उंची धरून बसतो. कानात त्याचा आवाज, "एडक्के... इन्नू स्वल्प एडक्के... साकु!" मी डावीकडे किंचित पाय दाबतो आणि सोडतो. तेवढ्यात मागून गनर, "सहा वाजता (घड्याळातल्या सहासारखं, म्हणजे सरळ मागे), वरून, दोन येताहेत! वळव लेका!" वळवलं तर बॉम्ब समुद्रात. नाही वळवलं तर गनरवर गोळ्या. त्या वीस-तीस सेकंदांत पुढचा ओरडतो हलू नकोस, मागचा ओरडतो वळव, आणि मला दोघांपैकी कोणाचंच दिसत नसतं. मला सिम्युलेटरमधून हवं ते हेच. त्या आधीचं इंजिन गेमनं आपोआप सुरू करून दिलं असलं तरी या तीस सेकंदांचा कस जराही कमी होत नाही.

आठ-आठ तासांच्या मोहिमांचं मात्र काय करायचं ते सांगतो. पंचवीस हजार फुटांवर, उणे चाळीस अंशात, ऑक्सिजनचा मास्क लावून बी-17 मधली माणसं तासन्‌तास बसली. 14 ऑक्टोबर 1943 ला जर्मनीतल्या श्वाइनफुर्टकडे निघालेल्या 291 बी-17 पैकी 60 परत आली नाहीत. त्यांच्याबद्दल आदर आहे म्हणून खुर्चीत आठ तास बसायलाच पाहिजे, हे मला मान्य नाही. किनारा ओलांडेपर्यंतचा वेळ खुशाल कापा. पण कापण्याआधी नेव्हिगेटरला वाऱ्याचा हिशेब करू द्या, आणि तो चुकला तर विमान चुकीच्या जागी बाहेर पडू द्या.

कट्टर मंडळींना एक अडचणीचा प्रश्न. अमेरिकनांच्या मोठ्या फॉर्मेशनमध्ये बहुतेक विमानं पुढच्या विमानानं बॉम्ब सोडले की आपले सोडायची. नॉर्डन बॉम्बसाइटचं, म्हणजे बॉम्बचा नेम धरायच्या यंत्राचं, खरं काम त्या पुढच्या विमानात. तंतोतंत इतिहास पाहिजे असेल तर बाकीच्या विमानांतल्या बॉम्ब टाकणाऱ्यानं संध्याकाळभर बसून एक स्विच दाबायचा. कोण बसेल? म्हणून खेळणाऱ्यांना पुढचं विमान द्या, बाकीची संगणकाला. इतिहासाला धक्का लागत नाही आणि माणसाला काम मिळतं.

आणि संगणकानं चालवलेला गनर, याच्यावर माझा खरा राग आहे. पावसाळ्यात खानापूरला लाईट गेली की आमचा गनर गायब. एका गेममध्ये त्याच क्षणी संगणक त्याच्या जागी बसतो, तोंडातून अक्षर न काढता अचूक गोळ्या घालतो. मित्रापेक्षा मित्राची रिकामी खुर्ची भारी ठरते! त्या गनरला चुकू द्या, उशिरा बघू द्या, पण बोलू द्या.

कुणी नवा गेम बनवणार असेल तर माझी मागणी कॅनबेरा या जेट बॉम्बरची आहे. 18 डिसेंबर 1961 ला आपल्या हवाई दलाच्या 12 कॅनबेरांनी गोव्यातल्या दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. आत दोनच माणसं. पायलट वर काचेच्या घुमटाखाली, नेव्हिगेटर नाकात पालथा पडून नेम धरणारा, आणि संकटात माणसाला बाहेर फेकणारी इजेक्शन सीट फक्त पायलटला. अंतर छोटं, मोहीम आपल्या एका रात्रीच्या खेळात पुरी होते, आणि एकाशिवाय दुसऱ्याचं पान हलत नाही.

तोपर्यंत रविवारी रात्री नऊला ब्लेनहाइम. खानापूरवाल्याच्या लाईटचा भरवसा नाही, म्हणून एक जादा गनर हवाय. हेडसेट चांगला पाहिजे, मराठी किंवा कन्नड कुठलीही चालेल, आणि बाहेरचा कॅमेरा बंद ठेवायची तयारी पाहिजे. कमेंटमध्ये नाव टाका.