थांबला नाही म्हणजे काळीज नाही?

'अनामित' यांस,

रस्त्यावरच्या जखमीसाठी लोक का थांबत नाहीत, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण लेख नीट वाचून दिलीय, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचा आक्षेप असा की, रस्त्यावर तडफडणाऱ्याला टाळून जाणाऱ्यांची मी मानसशास्त्राच्या आडून वकिली करतो. तुमच्या मते त्यांना काळीजच नसतं, विषय संपला.

काळीज नाही हे ठरवलंत कशावरून? थांबला नाही, यावरूनच ना? डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टनला केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. धर्मशास्त्राचे ४० विद्यार्थी, म्हणजे बरेचसे उद्याचे पाद्री. एकेकाला दुसऱ्या इमारतीत छोटं भाषण द्यायला धाडलं. निम्म्यांचा विषय तर बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, वाटेत जखमी पडलेल्याला उचलून नेणाऱ्याची! वाटेत एका दारात एकजण मान टाकून खोकत, कण्हत बसलेला (अर्थात, मुद्दाम बसवलेला). घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के त्याच्यासाठी थांबले. 'उशीर झालाय, पळा' असं सांगून पाठवलेल्यांपैकी जेमतेम १० टक्के. विषय कोणता होता, याने म्हणावा असा फरक पडला नाही. मला मात्र त्यातली वेगळीच नोंद महत्त्वाची वाटते: न थांबलेल्यांतले काहीजण भाषणाला पोहोचले तेव्हा चांगलेच अस्वस्थ दिसत होते. काळीज नसलेल्याला अस्वस्थ व्हायचं कारण काय?

आपल्याकडे घाईच्या जोडीला भीती. पोलीस, पंचनामा, साक्षीसाठी कोर्टाच्या खेपा, शिवाय 'तूच ठोकलंस' म्हणून जमावाचा मार. मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेने मदत करताना काही चुकलं, अगदी जखमी दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई नाही. २०२० च्या नियमांनुसार नाव-पत्ता सांगायची सक्तीही नाही. हे किती जणांना ठाऊक आहे? गल्लीच्या तोंडाशी वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, याचा एक लागलेला मी पाहिलेला नाही.

जखमीचं मोबाईलवर शूटिंग करत उभं राहणाऱ्यांबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही. त्यांना ना घाई असते ना भीती. असती तर ते तिथे थांबलेच नसते. हातातल्या त्याच मोबाईलवरून १०८ लावता येतो. त्यांची वकिली मी मूळ लेखातही केलेली नाही, शेवटचा परिच्छेद पुन्हा पाहा.