तपकिरी कॉपर आयोडाइडच्या तक्रारीवर दुकानाकडून उत्तर

नमस्कार. दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की ९९ टक्क्यांचं लेबल असूनही कॉपर आयोडाइड तपकिरी निघालं, क्लिक रिॲक्शन (तांब्याच्या मदतीने अझाइड आणि अल्काइन हे दोन रेणू जोडणारी) अर्ध्यावर अडकली, आणि वर काउंटरवरचा मुलगा कॉपर सल्फेट गळ्यात मारत होता.

शेवटचं आधी घेतो. सल्फेट आयोडाइडपेक्षा कितीतरी स्वस्त. स्वस्त माल गळ्यात मारून सीताबर्डीत दुकान चालत नाही हो! पोरगा बरोबर सांगत होता. रसायनशास्त्रज्ञ शार्पलेस आणि फोकिन यांची या रिॲक्शनची २००२ची पद्धत तीच आहे: टर्ट-ब्युटेनॉल आणि पाणी, १ मोल टक्का कॉपर सल्फेट, ५ ते १० टक्के सोडियम ॲस्कॉर्बेट (व्हिटॅमिन सीचा क्षार). सल्फेट हवेला भीत नाही, रिॲक्शनला लागणारं कॉपर वन (तांब्याचं +१ रूप) फ्लास्कमध्येच तयार होतं आणि थोडी हवा शिरली तरी ॲस्कॉर्बेट सांभाळून घेतं. मात्र ॲस्कॉर्बेटचं द्रावण त्याच दिवशी करा. कालचं पिवळं पडलेलं नको.

आता रंग. शुद्ध कॉपर आयोडाइड पांढरं असतं, किंचित आयोडीन सुटलं की तपकिरी झाक येते. आमच्याकडून सीलबंद अंबर बाटली गेली. तुमच्याच फोटोत पावडर साध्या काचेच्या व्हायलमध्ये, खिडकीशी ठेवलेली दिसते. नागपूरच्या मे महिन्यात! तरी फिक्या तपकिरी मालानेही रिॲक्शन होते, त्यामुळे माझा संशय दुसरीकडे आहे. तुम्ही फक्त टीएचएफ हा द्रावक लिहिलाय, बेसचा (अल्कधर्मी पदार्थाचा) उल्लेख नाही. आयोडाइड असं सहज विरघळत नाही, त्याला डीआयपीईए किंवा ट्रायएथिलअमीनसारखा बेस लागतो. आणि टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या प्लेटवर) जो दोन अल्काइन जोडलेला पदार्थ सापडला, तो ग्लेझर कपलिंग या नको असलेल्या रिॲक्शनचा. तो ऑक्सिजनमुळे येतो, आधी फ्लास्कमध्ये नायट्रोजन सोडून हवा बाहेर काढा.

उघडलेली बाटली परत घेता येत नाही. पण त्याच बॅचची सीलबंद बाटली दुकानात आहे. तुमची घेऊन या, शेजारी ठेवून बघू.

आणि रागात असलात तरी एवढं वाचाच: अझाइड त्याच फ्लास्कमध्ये सोडियम अझाइडपासून बनवलंय आणि वर्कअप (रिॲक्शननंतर पदार्थ वेगळा काढणं) डीसीएम म्हणजे डायक्लोरोमिथेन या द्रावकात केलंय, असं दिसतं. उरलेलं सोडियम अझाइड आणि डीसीएम एकत्र आले तर डायअझिडोमिथेन तयार होऊ शकतं, ते स्फोटक आहे. डीसीएमऐवजी इथिल ॲसिटेट वापरा.