‘कारण’ म्हटलं की समोरचा विरघळतो म्हणे!

“काही मागायचं असेल तर वाक्यात ‘कारण’ घाला. 94 टक्के लोक हो म्हणतात. कारण फालतू असलं तरी चालतं, मेंदू तो शब्द ऐकतो आणि विचार बंद करतो. हार्वर्डमध्ये सिद्ध झालंय. ऑर्डर, रजा, वसुली, सगळीकडे लागू.”

हा मेसेज सोलापुरातल्या टॉवेल-चादरवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. आता तर नव्या पोरांना सेल्सच्या ट्रेनिंगमध्येही हेच शिकवतात. मी टॉवेलच्या कारखान्यात खरेदी आणि वसुली बघतो, तेव्हा बोलल्याशिवाय राहवत नाही.

आधी ते ‘हार्वर्ड’. ज्यांच्या प्रयोगावरून हा मेसेज आलाय, त्या मानसशास्त्रज्ञ एलन लँगर हार्वर्डच्या प्राध्यापिका, हे खरं. पण 1978 साली छापून आलेला हा प्रयोग झाला न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत, झेरॉक्स मशीनपाशी. किरकोळ चूक आहे, सोडून देऊ.

94 चा आकडा मात्र सोडण्यासारखा नाही. कोणी झेरॉक्स काढायला आलं, की संशोधकांपैकी एक जण मध्ये जाऊन विचारायचा, “माझी पाच पानं आहेत, आधी काढू का?” नुसतं एवढं विचारलं तरी 60 टक्के लोकांनी मशीन दिलं. ‘घाईत आहे’ असं खरं कारण जोडल्यावर 94 टक्क्यांनी. ‘कारण मला झेरॉक्स काढायच्या आहेत’ असं पोकळ कारण दिल्यावर 93 टक्क्यांनी. मेसेज वाचणाऱ्याला वाटतं शून्यावरून थेट 94! शिवाय अख्ख्या प्रयोगात माणसं 120, तीही सहा गटांत वाटलेली. 94 टक्के म्हणजे 16 पैकी 15 जण. एवढ्यावर बाजारपेठेचं मानसशास्त्र बेतायचं?

“फालतू कारणही चालतं” या वाक्यात तर मेसेज लिहिणाऱ्यानं अर्धा प्रयोगच गिळलाय. हीच विनंती 20 पानांसाठीही केली होती. कारण न देता होकार मिळाला 24 टक्के. पोकळ कारण देऊन? तेवढाच, 24. खरं कारण दिल्यावर 42, म्हणजे खरं बोलूनही निम्म्याहून जास्त लोकांनी नाहीच म्हटलं. (हे ट्रेनिंगवाले कधी सांगत नाहीत. फी कशाची घेणार मग?) समोरच्याचं फारसं काही जात नाही, तोवर तो सवयीनं बाजूला होतो. त्याचा वेळ जायला लागला, की ‘कारण’च्या पुढे काय येतंय ते तो बरोबर ऐकतो. लँगर यांनाही सवयीच्या वागण्याबद्दलच बोलायचं होतं, लोकांना गुंडाळण्याबद्दल नव्हे. पुढे 1985 मध्ये व्हॅलेरी फोक्स या संशोधिकेनं हाच प्रयोग वेगवेगळी कारणं देऊन करून पाहिला. अडचण माणसाच्या हातातली आहे की हाताबाहेरची, हे लोक छोट्या विनंतीतही तोलतात, असा तिचा निष्कर्ष होता.

राहिलं “सगळीकडे लागू”. सूतवाल्याला फोन करून सांगा, “शेठ, पेमेंट पुढच्या महिन्यात, कारण आत्ता जमणार नाही.” तो ‘बरं’ म्हणेल. पुढच्या गाडीच्या वेळी मात्र आधी रोख मागेल. तेच “शेठ, मुंबईच्या पार्टीचा चेक 20 तारखेचा आहे, 22 ला तुमचे निम्मे टाकतो” म्हटलं, की तो दोन शिव्या देऊन का होईना, माल सोडतो. पार्टी त्याच्याही ओळखीची असते आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात दिसते. झेरॉक्सपाशी भेटलेला माणूस बहुतेक पुन्हा भेटत नाही. इथे पूर्व भागात, सोलापूरच्या विणकरांच्या वस्तीत, सूतवाला, डाइंगवाला, टेम्पोवाला पिढ्यान्‌पिढ्या तेच. सकाळी मारलेली थाप दुपारच्या चहापर्यंत सगळीकडे पोचते.

आणि ओव्हरटाइम. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा जत्रा भरते तेव्हा माणसं थांबवणं किती अवघड, हे कारखानदारांना विचारा. आमच्या सुपरवायझरनं ऐन अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे जत्रेच्या मुख्य दिवसाच्या, आदल्या दिवशी मागावरच्या एका अण्णांना सांगितलं, “उद्या यायचं, कारण काम आहे.” अण्णांनी मान हलवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि गेले. दुसऱ्या दिवशी माग बंद! मग मालकांनी स्वतः तिघांना बोलावून सांगितलं, कंटेनर 17 ला निघतोय, चुकला तर ऑर्डर जाते, दोन रात्रपाळ्या करा, पैसे दुप्पट, बदली सुट्टी वेगळी. अण्णांनी कंटेनर किती वाजता लागणार ते विचारलं, दुप्पट म्हणजे नक्की किती तेही विचारलं, मगच हो म्हणाले. दुसराही आला. तिसऱ्यानं हात जोडले. घरी जत्रेचे पाहुणे होते, आणि ते कारण मालकांना पटलं.